फर्म्याला पडलेला चावा

माझ्याकडे एक फर्मा आहे आणि त्याचा एक लचका तुटलेला आहे. कुत्र्यानं तोडलेला नाही, उंदरानंही नाही. मीच तोडलाय, राउटरच्या, म्हणजे लाकडात खोबण पाडायच्या यंत्राच्या, तोंडानं.

फर्मा म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. कपाटाच्या उभ्या फळीत आडवा कप्पा बसवायचा तर फळीला खोबण पाडावी लागते. खोबण सैल झाली तर कप्पा जन्मभर खुळखुळतो. घट्ट झाली तर तो ठोकून बसवताना फळी फुटते, आणि सुतार शिव्या मात्र प्लायवाल्याला घालतो. त्यात सुताराचं फारसं चुकतही नाही, कारण प्लाय सांगितलेल्या जाडीची कधीच नसते. म्हणून मापाच्या पट्टीवर भरवसा ठेवायचाच नाही. प्लायच्या दोन सरळ पट्ट्या समांतर धरायच्या, एक पक्की आणि एक सरकती. मध्ये त्याच कप्प्याचा उरलेला तुकडा उभा घालायचा, सरकती पट्टी त्याला भिडवायची आणि नट आवळायचे. तुकडा काढला की बरोबर कप्प्याच्या जाडीची फट उरते. राउटरच्या पात्याच्या वर एक छोटं बेअरिंग असतं. ते पट्टीला घासत पुढे जातं आणि खाली पातं तेवढीच खोबण कापत जातं. माप नाही, हिशोब नाही, डोकं नाही. म्हणून तर मला जमलं.

हे मी मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघून शिकलो. आवाज बंद ठेवून, कारण चालू ठेवूनही काही कळत नव्हतं. फर्मा तयार झाला, पहिली खोबण पाडली. कप्पा तिच्यात असा बसला, की जणू तो तिथेच वाढलेला. आता असली गोष्ट एकट्यानं बघून गप्प बसायची, हे मला कधी जमलेलं नाही. दुसऱ्या खोबणीचा व्हिडिओ सासरच्या ग्रुपवर टाकायचं ठरवलं. एका हातात मोबाइल आणि एका हातात चालू राउटर. शहाणा सुतार हे करणार नाही. मी केलं, कारण ग्रुपवर सासरेबुवा होते आणि लग्न ठरल्यापासून त्यांना माझ्याबद्दल एक शंका आहे.

खोबण सुरेख उतरली. शेवटी मोबाइलकडे बघून हसायच्या नादात मी राउटर बंद न करताच वर उचलला. बेअरिंग पट्टीच्या वर निघालं, पातं पट्टीला भिडलं, आणि खर्रर्र! पक्क्या पट्टीच्या आतल्या कडेचा घास गेला. अर्ध्या बिस्किटाएवढा.

आता बेअरिंग तिथे आलं की त्या चाव्यात शिरणार, आणि खोबणीलाही तिथे तस्साच फुगवटा येणार. नवी पट्टी कापून लावणं हा एकच उपाय होता. पण पट्टी फळीच्या रुंदीहून बरीच लांब होती आणि चावा तिच्या एका बाजूला होता. म्हणून मी फर्माच थोडा पुढे सारून लावायला लागलो. चावा फळीच्या बाहेर, काम आत. माझ्या आळसाला मी युक्ती म्हणतो. व्हिडिओचा शेवट कापून टाकला आणि ग्रुपवर पाठवला. सासरेबुवांनी अंगठा दिला. तसा अंगठा ते देवाच्या फोटोलाही देतात.

त्याच आठवड्यात साडू आला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो उधव्याला राहतो, सुतारकीच करतो, आणि पॉलिशला माझ्याहून चांगला. बोलायला मात्र कंजूष. बॉर्डरजवळच्या माणसांसारखा मराठीत सुरू होऊन गुजरातीत संपतो, आणि काहीही विचारलं तरी शेवट एकच: "चालशे." आमची जोडी जमायचं कारण हेच असावं. मला ऐकणारा लागतो आणि त्याला न बोलता वेळ घालवायला माणूस लागतो.

त्यानं फर्मा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग चाव्यात बोट घातलं.

"साडूभाऊ, हे शुं?"

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. पण समोरचा माणूस कौतुकानं बघत असताना माझ्या तोंडून खरं वाक्य सहसा निघत नाही.

"ते? ते भुसा निघायला."

"भुसा?"

"मग! बंद फटीत भुसा कोंडतो, पातं तापतं, लाकूड काळं पडतं. त्याला एका जागी वाट करून द्यायची. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. अनुभवानं कळतं."

साडूनं मान हलवली. बराच वेळ हलवली. माझ्या बोलण्याला इतका मान कुणी दिल्याचं आठवत नव्हतं, म्हणून मी भुशाच्या स्वभावाबद्दल आणखीही बरंच सांगितलं.

तेव्हा आमचं ठरलं होतं की दोघांनी मिळून दुकान काढायचं. खोबणी-जोडणी माझी, पॉलिश त्याचं. जागा कुठली, एवढंच ठरत नव्हतं. माझी शेड रानशेतला घराला लागून, आतल्या रस्त्यावर. त्याच्याकडे उधव्याला घरापुढे मोकळं अंगण, रस्त्याला लागून, पलीकडून गुजरातची गिऱ्हाइकं येणारी. नावावरूनही एकमत होत नव्हतं. पण मला कुठे दम निघतो! डहाणूतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी पगारावर होतो, ते मी सोडलं. तिथल्या मालकाला वर ऐकवूनही आलो, की आता फर्निचर घ्यायला माझ्याकडेच या. पेंटरकडून बोर्डही रंगवून घेतला. "फर्निचर वर्क्स" पिवळ्यात, खाली लाल रेघ, आणि वर नावाची जागा रिकामी. ठरलं की भरू.

पहिलं कामही मीच गाठलं होतं. घोलवडच्या एका चिकूवाल्याला चिकूच्या चकत्या सुकवायला उंच रॅक हवे होते. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना खोबणीच खोबणी, आणि त्यांतून ट्रे आतबाहेर सरकायचे. म्हणजे माझ्या फर्म्याचं लग्नच! चिकूवाल्याला मी त्याच्या शेडमध्ये बसून फर्म्याची सगळी कथा सांगितली. तो चिकू निवडत ऐकत होता. म्हणाला, "बनवा, पण वेळेत बनवा." मी साडूला त्याचा नंबर दिला. म्हटलं, तुमचीही ओळख असू द्या.

मग गणपतीच्या आधी साडू फर्मा मागायला आला. कुणा नातेवाइकाचं शोकेस करायचं होतं. मी दिला. परत आला तेव्हा पक्क्या पट्टीच्या कडेनं पेन्सिलची रेघ होती. बाहेरून, आतून, सगळीकडून फिरवलेली. चाव्याच्या आतूनसुद्धा बारीक गोलाई घेऊन गेलेली. मला वाटलं, त्याच्या पोरीनं गिरवलं असेल, पोरं काय करतील नेम नाही. मी खोडरबर घेऊन बसलो आणि सगळी रेघ स्वच्छ पुसून काढली. माणसं पुरावे शोधत हिंडतात. मी हातात आलेला खोडून ठेवला.

त्यानंतर साडूचे फोन आखडले. दुकानाचा विषय काढला की "दिवाळी जाऊ द्या, चालशे." घोलवडच्या कामाचं विचारलं तर "तो सध्या गडबडीत आहे." आणि मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, उद्या हत्यारांची पूजा आहे. सोनं द्यायला या, आणि जेवायलाच या."

मला लगेच सगळं उमगलं. म्हणजे, मला वाटलं उमगलं. साडूनं अंगणात शेड घातली असणार. दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकान उघडायचं, आणि मला चकित करायचं, म्हणून हे सगळं मौन! न बोलणारी माणसं अशीच असतात, मी बायकोला म्हटलं, करून दाखवतात.

बायको चहा गाळत होती. गाळतच राहिली.

सकाळी घरची हत्यारं पुसली. फर्म्यासकट सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग बोर्ड स्कूटरवर बांधायला काढला.

"बोर्ड कशाला?" बायको म्हणाली.

"अगं, दुकान उघडतंय, बोर्ड नको?"

"राहू द्या ना. आज फक्त सोनं द्यायला जाऊ."

"तुला धंद्यातलं कळत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग स्कूटरवर मागे बसली आणि बोर्ड आमच्या दोघांच्या मधे उभा धरला. सबंध वाटेत वारा बोर्डाला लागत होता आणि स्कूटर शेजारच्या लेनचा मोह धरत होती. हायवेवर ट्रकवाले वाचून हसत होते. "फर्निचर वर्क्स" आणि वर कुणाचंच नाव नाही! तलासरीला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाला म्हणाला, "शेठ, दुकान कुठे चाललं?" मी म्हणालो, "उधव्याला." छाती थोडी पुढे काढूनच म्हणालो. बायको म्हणाली, "लवकर आटपा, उशीर होईल."

उधव्याला पोहोचलो तर अंगणात खरंच शेड होती. नवे पत्रे, नवी तुळई, आंब्याच्या पानांचं तोरण. मी म्हटलं, बघ! आणि मग बोर्ड दिसला. मोठा, फ्लेक्सचा, कोपऱ्यात दिवे लागलेल्या कपाटाचा फोटो. त्यावर नावंही होती. एक साडूचं. दुसरं माझं नव्हतं.

दुसऱ्या नावाचा माणूस दारातच उभा होता. बॉर्डरपलीकडचा प्लायचा व्यापारी, पांढरा शर्ट, गोड चेहरा. "आवो, आवो! तमे साडूभाई ना? बहु सांभळ्युं तुमच्याबद्दल." ऐकलं खूप आहे म्हणे. काय ऐकलं, ते त्यानं सांगितलं नाही.

मी बोर्ड भिंतीला टेकवला. अक्षरं भिंतीकडे करून.

"ते काय आणलंत?" मेहुणी म्हणाली.

"काही नाही. प्लायचा तुकडा आहे. तुमच्याकडे कुठे लागला तर."

साडूनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो पूजेचं ताट घेऊन उभा होता. कापडावर ओळीनं हत्यारं मांडली होती. करवत, रंधा, पटाशा, नवाकोरा राउटर. आणि मधोमध, मानाच्या जागी, फर्मा. माझ्या फर्म्याहून गुळगुळीत, पॉलिश मारलेला, पितळी नट लावलेला. पक्क्या पट्टीच्या आतल्या कडेला अर्ध्या बिस्किटाएवढा चावा. कानसून, घासून, नीट गोल केलेला. त्या चाव्यात एक झेंडूचं फूल बसवलं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा फजीत झालोय आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडाशी काहीतरी आलंय. त्या दिवशी काही आलं नाही. पेन्सिलची रेघ आठवली, माझी पट्टी ठेवून नक्कल गिरवताना तिच्या कडेला लागलेली. खोडरबरही आठवला.

मागे भिंतीशी उंच फळ्या उभ्या होत्या, खोबणी पाडलेल्या, ट्रे सरकवायच्या. घोलवडच्या. आणि प्रत्येक खोबणीच्या मधोमध एक फुगवटा. साडूला चावा फळीच्या बाहेर ठेवायचं ठाऊक नव्हतं. कसं असणार? भुसा निघायची वाट माणूस कामाच्या मध्यभागीच ठेवणार ना!

आरती झाली. व्यापाऱ्यानं फर्मा न्याहाळत विचारलं, "आ खांचो शेना माटे?" ही खाच कशासाठी म्हणे.

आणि साडू, माझा मुका साडू, बोलला. घडाघडा बोलला. बंद फटीत भुसा कोंडतो, पातं तापतं, लाकूड काळं पडतं, म्हणून एका जागी वाट. व्हिडिओत हे सांगत नाहीत. अनुभवानं कळतं.

"सरस!" व्यापारी म्हणाला.

माझे शब्द, माझ्याच चालीत, माझ्यासमोर. एकदा माझ्याकडे बघितलं असतं, "साडूभाऊंनी शिकवलं" एवढं म्हटलं असतं, तर मी कदाचित जेवून, सोनं देऊन, गुपचूप निघालो असतो. त्यानं ताट खाली ठेवलं आणि फर्म्यावर अक्षता टाकल्या.

"तो फर्मा माझा आहे," मी म्हणालो.

सगळे वळले. शेजारी होते, मेहुणीच्या सासूबाई होत्या, व्यापाऱ्याची माणसं होती.

"आणि ती खाच भुशासाठी नाही. ती चूक आहे. मी चालू राउटर उचलला तेव्हा पातं पट्टीला लागलं. मोबाइलवर शूटिंग करत होतो."

मेहुणी हसली. तिच्या मागोमाग सासूबाई, मग शेजारी, मग सगळी शेड. "भाऊजी पण ना! सणासुदीलाही सोडत नाहीत!" एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "मोबाइलवर शूटिंग! आणि एका हातात राउटर! यांच्या गोष्टी म्हणजे…"

"खरं सांगतोय," मी म्हणालो. त्याला आणखी मोठं हसू आलं.

"त्या फळ्यांकडे बघा. प्रत्येक खोबणीला फुगवटा आलाय. तो यायला नको होता."

व्यापारी फळ्यांकडे गेला, वाकून बघितलं, बोट फिरवलं. साडू शांतपणे म्हणाला, "तो हवेसाठी. चकत्या सुकायला हवा लागते."

"सरस," व्यापारी पुन्हा म्हणाला.

"मग चालवून दाखवा ना! फर्मा लावा, एक खोबण पाडा. मी चावा बाहेर ठेवून दुसरी पाडतो. कळेल."

साडूनं प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "आज हत्याराला हात लावत नाहीत, साडूभाऊ. पूजेला मांडलंय."

आणि हे खरं होतं. दसऱ्याला पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हे माझ्या बापानंही मला शिकवलं होतं. जगातला एकच दिवस, ज्या दिवशी माझं खरं ठरू शकलं असतं, त्या दिवशी देव रजेवर नव्हता, हत्यार रजेवर होतं.

मी बायकोकडे पाहिलं. एवढ्या लोकांत तिला तर ठाऊक होतं, तो व्हिडिओ, तो कापलेला शेवट. तिच्यासमोरच मी कापला होता. ती बोलली असती तर निदान एकानं तरी ऐकलं असतं. ती साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. आणि सगळे हसत होते म्हणून, किंवा मला आणखी बोलायला वाव नको म्हणून, तीही थोडी हसली.

जेवलो. वरणभात, श्रीखंड, पुरी. सोनं दिलं, सोनं घेतलं. साडूनं मिठी मारली. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवताना म्हणाला, "सोन्यासारखे राहा." माझ्याकडून "तुम्हीपण" निघालं. सवय.

परतताना बोर्ड पुन्हा आमच्या मधे. हायवेला लागल्यावर मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

बोर्डाच्या पलीकडून आवाज आला. "बहिणीनं शपथ घातली होती."

"केव्हापासून?"

"गणपतीपासून."

म्हणजे मी खोडरबर घेऊन बसलो होतो, तेव्हापासून. मी साडूच्या मौनाचं कौतुक करत होतो, तेव्हा ही सगळं ठाऊक असून चहा गाळत होती.

"का केलं त्यानं? काय कमी होतं माझ्यात?"

ती वाऱ्यात बोर्ड सावरत म्हणाली, "ते तिला म्हणाले, तुमच्या भाऊजींबरोबर दुकान म्हणजे अर्धा दिवस गोष्टी ऐकण्यात जाईल. मग काम कोण करणार?"

साडू हे मला कधी म्हणाला नाही. माझ्यासमोर बसून सगळ्या गोष्टी ऐकल्या, मान हलवली, "चालशे" म्हणाला. आणि मी समजत होतो, त्याला आवडतंय.

रानशेतचं घर जवळ आलं तेव्हा बायको म्हणाली, "बोला ना काहीतरी. असे गप्प नका बसू." पण माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती मी उधव्याला सांगून आलो होतो.

आता शेडमध्ये मी एकटाच काम करतो. बोर्ड उलटा करून टेबलावर ठोकलाय, खोबणी पाडायला सपाट जागा झाली. घोलवडचे रॅक साडूनंच दिले. मी ऐकलं, त्यात ट्रे सुरळीत सरकतात. फुगवट्यानं काही बिघडत नाही. तेच तर मला पचत नाही.

परवा धुंदलवाडीकडचा एक माणूस पुस्तकांचं कपाट करून घ्यायला आला. नमुन्याची फळी दाखवली. त्यानं खोबणीत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

"ह्यात ती खाच नाही?"

"कसली?"

"उधव्याला पाडतात ना, मधे. हवा खेळते, कप्पे वाकत नाहीत. माझ्या मेहुण्याकडे आहे. तुम्ही साधंच काम करता वाटतं?"

माझ्या जिभेवर सबंध गोष्ट आली. गोरा माणूस, मोबाइल, सासरेबुवांचा अंगठा, सगळी. दारात बायको सुपात भात पाखडत होती. ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, आता मी काय सांगतो ते ऐकायला.

मी फर्मा उचलला, फळीवर ठेवला आणि मागे ओढला, चावा मधोमध येईपर्यंत. नट आवळले. राउटर दोन्ही हातांनी धरला आणि चालू केला. बेअरिंग कडेनं सरळ गेलं, चाव्यात शिरलं, बाहेर आलं.

राउटर बंद झाल्यावर गिऱ्हाइकानं खाली वाकून भुसा फुंकला आणि फुगवट्यावरून अंगठा फिरवला.

"हां," तो म्हणाला, "आता झालं त्यांच्यासारखं."